काठ कशासाठी असतो?

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी जेवणाचं टेबल सध्या जेवणासाठी मिळत नाही. त्यावर ब्राऊन पेपर पसरलेला असतो. शेजारी कात्री, टेप, मार्किंगचा खडू, टाचण्यांची डबी आणि मांजरपाटाचा गठ्ठा. माझी भाची फॅशन डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्षाच्या शेवटी तीन पोशाख उभे करायचे आणि ते कुठून सुचले हे परीक्षकांना पटवून द्यायचं, असा तिचा प्रोजेक्ट आहे. हे काम मी जवळून पाहते आहे. थोडीफार मदतही करते, म्हणजे उसवायची, इस्त्रीची, खडूच्या खुणा करायची.

सुरुवात झाली ती भिंतीवरच्या बोर्डापासून. या मुलांना आधी एक फलक सजवावा लागतो. चित्रं, कापडाचे तुकडे, रंगांच्या पट्ट्या, जे जे मनात आहे ते तिथे टाचायचं. छत्तीसगडमध्ये राहणाऱ्या मुलीला याची कमतरता नाही. १८७५ साली सुरू झालेल्या महंत घासीदास संग्रहालयात जाऊन तिनं दागिन्यांची रेखाटनं केली. कोंडागावच्या ढोकरा मूर्तींचे फोटो लावले. सरगुजातल्या जमगला गावच्या बायका गोदन्याची, म्हणजे गोंदणाची, नक्षी कापडावर रंगवतात, तिचेही नमुने लावले. बोर्ड देखणा झाला. शिक्षिकेनं तो शांतपणे पाहिला आणि विचारलं, "यातलं तुला काय कळलंय?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. गोदन्याची नक्षी उचलून कुर्त्यावर छापणं अवघड नाही. बाजारात ते रोज होतं. पण ती नक्षी एका समाजाच्या बायकांनी अंगावर वागवलेली आहे. कोणती खूण कुठे आणि का, हे ठाऊक नसताना ती उचलली, तर हाती फक्त आकार येतो. भाचीनं बोर्ड उतरवला. मग तिनं आजीला, म्हणजे माझ्या आईला, ट्रंक उघडायला लावली.

ट्रंकेत करवती नऊवारी होती. आई भंडाऱ्याकडची. त्या जिल्ह्यातल्या मोहाडी, आंधळगाव या गावांत हे लुगडं विणलं जातं. अंग टसरचं, काठ सुती आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे करवतीसारखे दाते. नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात १७४१मध्ये आली आणि १८५४पर्यंत कमीअधिक टिकली. भोसल्यांच्या काळापासून आणि नंतर नोकऱ्यांच्या निमित्तानंही मराठी कुटुंबं रायपूरला येत राहिली. त्यांच्या लेकी-सुनांबरोबर विदर्भातली लुगडीही आली. टसर मात्र दोन्हीकडची. विदर्भात तो किडा ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढतो. इथे त्याच ऐनाला साजा म्हणतात, बस्तरमध्ये तो सालवृक्षावरही वाढतो आणि त्या रेशमाला सगळे कोसा म्हणतात.

भाचीनं लुगडं खिडकीपाशी उजेडात धरलं. रेशीम जागोजागी विरलेलं, काठ मात्र शाबूत. तिनं भिंग घेतलं, वहीत आकृत्या काढल्या. साध्या विणीत एकच धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. इथे तीन धोटे चालतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. काठाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, आणि अंगाचा बाणा दात्यांपाशी एकमेकांत गुंततात. म्हणजे हे दाते हा सांधाच आहे. दोन वेगळ्या स्वभावांचे धागे तिथे जोडले गेले आहेत आणि तो जोड विणकरानं लपवला नाही, सजवला.

यानंतर नेसण्याचा अभ्यास. कॉलेजातल्या डमीला पाय नसतात, त्यामुळे तिच्यावर कासोटा घालता येत नाही. म्हणून भाची स्वतः उभी राहिली. मांजरपाटाची नऊ वार लांबीची पट्टी आईनं तिला नेसवली आणि मी खुणा केल्या. गाठ बसते तिथे गोल, घडी पडते तिथे रेघ, कापड अंगाला घासतं तिथे फुली. "घट्ट ओढ गं, चालताना सुटेल," असं म्हणत आईनं कासोटा खोचला. भाची जिना चढली, उतरली, खाली मांडी घालून बसली. मग सगळं सोडून जमिनीवर पसरलं. फुल्या बहुतेक कडांना होत्या. कमरेपाशी खोचलेली कड, पायांमधून गेलेली कड, घोट्याला लागणारी कड. ट्रंकेतल्या लुगड्यावर जिथे सुती काठ होता, तिथेच.

तिचा प्रोजेक्ट त्या दुपारी खऱ्या अर्थानं सुरू झाला. घासण असेल तिथे सूत, झुळझुळ हवी तिथे कोसा, आणि दोन्ही भेटतील तिथे दाते. तिच्या तिन्ही पोशाखांचा नियम आता हा आहे. लांब कोटाची कॉलर, बाह्यांची टोकं, खिशांची तोंडं सुती. पाठ आणि घेर कोशाचा.

नियम सापडला तरी कापड सहज ऐकत नाही. वर्गाबरोबर ती चांपाला गेली होती. चांपा, कोरबा, रायगढ हा कोशाचा पट्टा. तिथल्या विणकराला तिनं करवती काठाचं थोडं कापड मागितलं. त्यानं समजावलं, की मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, चढवायलाच इतके कष्ट पडतात, की चार-सहा मीटरसाठी तो लावणं कुणालाच परवडत नाही. तेव्हा साधा कोसा घ्यायचा आणि दाते शिवणीतून आणायचे, असं ठरलं.

आधी धुण्याची परीक्षा. कोसा आणि सुती कापडाचे दहा इंचांचे चौकोन कापून धुतले, वाळवले, पुन्हा मोजले. कोरं सुती कापड जास्त आटलं. न धुता जोडलं असतं तर पहिल्याच धुण्यात कोशाला चुण्या पडल्या असत्या. मग दाते. प्रत्येक दात्याच्या खाचेत शिवणीपर्यंत कात्रीचा छेद द्यावा लागतो, नाहीतर उलटवल्यावर टोक बोथट होतं. छेद एका धाग्यानं पुढे गेला तर कोशाच्या दशा सुटतात. मागून पातळ अस्तर लावल्यावर टोकं टिकली. हे नमुने ती फेकत नाही. फसलेल्या प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी लावून वहीत चिकटवते, कारण परीक्षेत त्यांनाही गुण असतात.

कापडाचं ऐकून कपडा घडवण्याची वाट जगानंही पुन्हा पुन्हा धरली आहे. पॅरिसमध्ये मादलेन व्हियोने छोट्या लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून बेत ठरवत असे. उरेब कापलेल्या कापडाचं सौंदर्य तिनं १९२०च्या दशकात जगाला दाखवलं. जपानच्या इस्से मियाकेनं १९९०च्या दशकाअखेर एकाच अखंड कापडातून पोशाख काढण्याची पद्धत आणली. भाचीच्या बोर्डावर आता या दोघांचे फोटो आहेत, आणि त्यांच्या शेजारी, त्याच मापाचा, लुगडं नेसवणाऱ्या आजीच्या हातांचा. कात्री न लावता, टाका न घालता शेतात वाकता येईल, नदी ओलांडता येईल असं वस्त्र आपल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या नेसलं. डिझाइनच्या इतिहासात त्याची जागा मानाची आहे.

प्रोजेक्टच्या शेवटी खर्चाचा तक्ता द्यावा लागतो. कापड, अस्तर, दोरा, बटणं एवढं बहुतेक मुलं लिहितात. भाचीनं त्यात धागा काढणाऱ्या बाईची मजुरी वेगळी मांडली आहे. कोशाचा धागा अनेक ठिकाणी बायका मांडीवर वळून काढत आल्या आहेत आणि त्यात मांडीची कातडी सोलवटते. हा त्रास संपावा म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाच्या संशोधन संस्थेनं चांपाच्या एका उद्योजकाच्या साथीनं 'बुनियाद' नावाचं यंत्र तयार केलं. यंत्राच्या धाग्याचा भाव आणि मांडीवरच्या धाग्याचा भाव, दोन्ही तिच्या तक्त्यात शेजारी शेजारी आहेत. या रकान्यामुळे तिचा कोट महाग दिसतो, पण तो काढायला ती तयार नाही.

मला ते योग्य वाटतं. प्रेरणा घेणं म्हणजे कुणाकडून तरी काही घेणं आहे आणि घेतलेल्याचा हिशेब ठेवावा लागतो. डिझाइनच्या प्रत्येक विद्यार्थ्याला चित्रांचा बोर्ड सजवण्याआधी काही आठवडे मागाशेजारी बसवायला हवं. धोटा का अडतो, काठ का आटतो, दिवसाकाठी किती कापड निघतं आणि त्याचे किती पैसे हातात पडतात, हे त्यानं वहीत लिहावं. मग त्यानं काढलेली नक्षी उचललेली राहणार नाही. ती त्याला कळलेली असेल, आणि ज्यांच्याकडून ती आली त्यांची नावं सांगायला तो विसरणार नाही.