मेरी वर्गीस यांची खुर्ची

घरात कुणी वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेलं असलं की भेटायला येणारे काही ना काही बोलून जातात. 'मागच्या जन्मीचं असेल', 'देव परीक्षा बघतोय'. ख्रिस्ती घरातही फार वेगळं नसतं. कुणी म्हणतं, विश्वास कमी पडला; कुणी म्हणतं, आपला क्रूस समजून वाहा. बोलणारा उठून घरी जातो, दुखणं तिथंच राहतं. अशा वेळी मला वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस आठवतात.

मेरी मूळच्या कोचीनच्या, सीरियन ख्रिस्ती घरातल्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकून तिथंच डॉक्टर झाल्या. जानेवारी 1954 मध्ये सहकाऱ्यांबरोबर सहलीला निघालेली त्यांची गाडी उलटली. चेहऱ्यावर कायमचा व्रण राहिला. मणक्याला मार बसून कंबरेखालचं शरीर लुळं पडलं. वय 28.

पाय परत आले नाहीत. पण हात शाबूत होते. तिथले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करत. ती बसूनही करता येते, हे त्यांनी मेरींना सुचवलं. मेरी व्हीलचेअरवरून ऑपरेशन करू लागल्या.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कुष्ठरोगात हातापायांची संवेदना जाते. चटका बसला, काच रुतली तरी कळत नाही आणि जखम चिघळते. मणका निकामी झालेल्याचंही तसंच. एकाच जागी फार वेळ बसलं तर कातडी फुटते आणि त्याला पत्ताही लागत नाही. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बधिर झालेलं शरीर सांभाळत जगणारी माणसं होती. रुग्णाला वेगळं काही समजावून सांगायची गरजच काय?

पुढे पर्थ आणि न्यूयॉर्कला जाऊन त्या पुनर्वसनाचं शास्त्र शिकल्या. 1963 मध्ये वेल्लोरला त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. 1966 मध्ये रुग्णांना राहून उपचार घेता येतील असं केंद्र उभं राहिलं. 1972 मध्ये पद्मश्री मिळाली. 1986 मध्ये त्या गेल्या. बत्तीस वर्षं खुर्चीतच काढली.

हे सगळं घडावं म्हणून देवानेच गाडी उलटवली, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. ख्रिस्ती श्रद्धेत याहून जवळची एक गोष्ट आहे. पुन्हा उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या. त्या पुसल्या गेल्या नव्हत्या. त्या बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा शिष्य थोमा. केरळचे सीरियन ख्रिस्ती आपली परंपरा त्याच थोमापासून सांगतात.

वेल्लोरच्या बागायम भागातलं ते केंद्र आज मेरींच्याच नावाने चालतं. मणका मोडलेली माणसं तिथं कूस बदलायला, खुर्चीत बसायला शिकतात.