पहिला नंबर आणला, पुढे काय?

यंदा माझ्या टीममध्ये आठ फ्रेशर्स आलेत. सगळे कॅम्पसचे टॉपर्स. बॉस जाम खूश. म्हणाले, 'ड्रीम टीम मिळालीय तुला!' मी हसले खरी, पण डोळ्यांसमोर आली ती एडमंटनची आइस हॉकी टीम.

2013-14चा हिवाळा मी कॅनडातल्या या शहरात ऑनसाइट काढला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि ऑफिसात एकच विषय, ऑइलर्स! 'ड्राफ्ट'चा फंडा मला तिथेच कळला. आपल्या आयपीएलसारखी बोली नाही. एनएचएलच्या टीम्स बहुतेक अठराएक वर्षांची पोरं पाळीपाळीने निवडतात. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्यांची पाळी आधी येते आणि पहिल्या नंबरासाठी लॉटरी असते. थोडक्यात, हरा आणि हिरा मिळवा!

ऑइलर्सना 2010, 2011 आणि 2012 असा लागोपाठ तीनदा पहिला नंबर मिळाला. टेलर हॉल, रायन न्यूजंट-हॉपकिन्स, नेल याकुपॉव्ह. कागदावर एकदम झकास! प्रत्यक्षात मात्र 2006 नंतर सलग दहा हंगाम या टीमला प्लेऑफचं तोंड दिसलं नाही. मी होते त्या हंगामात तर वैतागलेल्या चाहत्यांनी चक्क जर्सी काढून बर्फावर फेकल्या.

घोळ कुठे झाला? तिघेही फॉरवर्ड. गोल करणारे आले, पण मागे बचाव सांभाळायला, गोलरक्षण करायला मुरलेली माणसं हवीत ना! शिकवणारे सीनियर्स कमी असले की पोरं हरायलाच शिकतात. याकुपॉव्ह 2018 मध्ये एनएचएलमधून बाहेर पडला. वय अवघं 24.

बफेलोची गोष्ट आणखी बोचरी. त्यांनी दुसऱ्या नंबरावर 2014 मध्ये सॅम रेनहार्ट आणि 2015 मध्ये जॅक आयकेल घेतला. तरी 2024-25 पर्यंत सलग 14 हंगाम प्लेऑफ हुकलं. दोघंही टीम सोडून गेले. मग आयकेलने 2023 मध्ये व्हेगसकडून, तर रेनहार्टने 2024 मध्ये फ्लोरिडाकडून स्टॅनली कप उचलला. पोरं तीच, भोवतालची माणसं वेगळी!

ऑइलर्सना 2015 मध्ये कॉनर मॅकडेव्हिड मिळाला. पिढीत एखादाच होतो असा खेळाडू. तरीही 2024 आणि 2025 च्या फायनलमध्ये ते हरले, दोन्ही वेळा फ्लोरिडाकडूनच. या फ्लोरिडाचे बार्कोव्ह आणि एकब्लाड ड्राफ्टमधलेच. पण रेनहार्ट आणि मॅथ्यू कचक अदलाबदलीत आणले, गोलरक्षक बोब्रॉव्स्कीला करार करून घेतलं, आणि बचावातला फोर्सलिंग तर दुसऱ्या टीमने सोडून दिलेला.

म्हणजे ड्राफ्ट वाईट नाही हो. तो फक्त बी देतो. मशागत आपणच करायची.

माझ्या आठ जणांपैकी एकजण परवा रात्री अकराला डेस्कवर एकटाच बसला होता. कोड अडलेला, पण विचारायचं कुणाला? मी स्वतः दिवसभर मीटिंगमध्ये. त्याचा चेहरा बघून ठरवलं. सोमवारी बॉसकडे जातेय. आठही पोरं राहू देत, पण दहा वर्षं मुरलेले दोन सीनियर्स मला हवेतच. बजेट नाही म्हणाले, तर ही अख्खी स्टोरी ऐकवणार!