सोप्यातली वाकळ

सकाळी साडेदहाच्या सुमाराला आमच्या सोप्यातली फरशी दोनदा पुसली जाते. आधी मी ओल्या फडक्यानं पुसते, मागोमाग हे कोरड्या फडक्यानं. चपला उंबऱ्याबाहेर जातात, चहाचे कप माजघरात जातात, पंखा बंद होतो. मग खालचं अस्तर अंथरायचं. उंबऱ्याकडची दोन टोकं माझ्या हातात आणि कपाटाकडची यांच्या. कापड एकदा वर उडवायचं, खाली येऊ द्यायचं आणि फरशीला टेकलं की दोघांनी बेतानं ओढायचं. "तुझ्याकडं ताण बसलाय बघ, जरा सैल सोड," असं हे म्हणतात. मी सोडते. चारी कोपऱ्यांवर फडक्यात गुंडाळलेल्या विटा बसतात, आणि पुढचा तास-दीड तास आम्ही दोघं गुडघ्यांवर असतो.

आमच्याकडं येणाऱ्यांना शिवणयंत्र बघायचं असतं. त्यांना वाटतं, काम तिथं चालतं. पण वाकळ चांगली होणार की नाही, हे त्या तासा-दीड तासात फरशीवर ठरून गेलेलं असतं. सासूबाई सांगायच्या, शिवताना चूक होत नाही, अंथरताना झालेली चूक शिवताना दिसायला लागते. त्यांच्या हाताखाली मी शिकले तेव्हा वर्षभर त्यांनी मला सुई दिली नव्हती. नुसते थर मांडायला लावायच्या.

कोल्हापुराकडं आम्ही वाकळ म्हणतो. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक फोनवर गोधडी म्हणतं, म्हणून आता आमच्याही तोंडी तो शब्द बसलाय. तान्ह्या बाळाचं ते दुपटं, चार पदरांची ती चौघडी, कुठं लेपडं. संस्कृतातली कंथा तीच. विरक्त माणसाच्या अंगावरची, चिंध्या जोडून केलेली. गाडगे महाराजांना लोक गोधडेबुवा म्हणत, ते त्यांच्या अंगावरच्या अशाच ठिगळांच्या वस्त्रामुळं. रजई, दुलई ही वेगळी जात. त्यांच्या पोटात पिंजलेला कापूस असतो. वाकळेच्या पोटात कापडच असतं, तेही वापरलेलं, आणि तिची ऊब त्या थरांच्या मध्ये अडकलेल्या हवेची असते. म्हणून थर एकमेकांना चिकटून, पण न ताणता बसावे लागतात.

हे बावीस वर्षं इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर होते. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढं त्या गावाचं सगळं जगणं कापडाभोवती उभं राहिलं. जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टर. धोटा कुठं अडकतोय, धागा का तुटतोय, हे तो कानांनी ऐकतो. यांचे मालक थकले, माग भंगारात गेले आणि हे घरी आले. पहिले तीन-चार महिने घरात माणूस असून नसल्यासारखा होता. मी तेव्हा शेजारपाजारच्या बायकांच्या वाकळा शिवायची. सासूबाईंचे गुडघे गेल्यामुळं समोरून धरायला कुणी नव्हतं. एकदा यांना म्हटलं, "अहो, जरा टोक धरता का?"

टोक धरून हे तसेच थांबले. मग म्हणाले, "अगं, हे कापड उभं घातलंयस आणि त्याच्या खालचं आडवं. ताणा-बाणा बघितलास का?"

मी कधीच बघितला नव्हता. कापड पुरेल तसं घालायचं, एवढंच मला माहीत. यांनी समजावून सांगितलं ते असं. मागावर ताण्याचे धागे बीमवरून सतत ओढून धरलेले असतात, बाणा त्यांच्यामधून आडवा जातो. कापड मागावरून उतरलं तरी ताण्याच्या धाग्यात ती ओढ मुरलेली असते. पाण्यात पडलं की धागा सैल होतो, आखडतो, म्हणून कापड रुंदीपेक्षा लांबीला जास्त आटतं. एक थर उभा आणि दुसरा आडवा शिवला, तर धुतल्यावर एक इकडून आटणार, दुसरा तिकडून, आणि मधल्या टाक्यांवर त्या भांडणाचा भार येणार. माझ्या जुन्या वाकळा दोन-तीन धुण्यांनंतर चुरगळल्यासारख्या का दिसायच्या, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून आमच्याकडं सगळे थर एकाच दिशेनं जातात. नवं कापड घालायचं असेल तर ते आदल्या रात्री भिजतं. त्यातली खळही जावी लागते. खळ राहिली तर सुईला चिकटा धरतो आणि कपाटात ठेवलेल्या वाकळेला झुरळं लागतात.

तेव्हापासून आमची कामं आपसूक वाटली गेली. रंग माझ्याकडं, धागा यांच्याकडं.

गिऱ्हाइकानं आणलेलं गाठोडं सोडलं की आधी प्रत्येक लुगडं उजेडासमोर धरायचं. विरलेली जागा जाळीसारखी दिसते. मग दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड हलकं ताणायचं. जिवंत कापड गप्प राहतं, मेलेलं बारीक चर्र करतं. नऊवारी लुगडं सगळीकडं सारखं झिजत नाही. कासोट्याचा भाग आधी जातो, बसण्या-उठण्याचा सगळा भार त्यावर. पोटाशी खोचलेल्या निऱ्या बऱ्या असतात. काठ सगळ्यात टिकतो, कारण तिथं वीण घट्ट असते. म्हणून काठ काढून आम्ही वाकळेच्या चौकटीला लावतो. बाई कशी वावरली, काय कामं करायची, हे लुगड्यावरून थोडंफार समजतं. एका खांद्यावर विरलेलं लुगडं आलं की मी ओळखते, या बाईनं बरंच ओझं वाहिलंय.

नऊवारीचा हिशेब मोठा सुबक आहे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरांच्या आसपास, पन्हा पंचेचाळीस इंच धरू. त्याचे चार सारखे तुकडे केले तर प्रत्येक पावणेसात फुटांचा. दोन-दोन शेजारी जोडले की पावणेसात बाय साडेसात फुटांची दोन अस्तरं होतात. एका लुगड्यात जोडप्याच्या वाकळेची खालची आणि वरची बाजू! अर्थात हा हिशेब धड लुगड्याचा. लुगडी विरलेली असली तर दोन लागतात, आणि मधल्या थरांना धोतरं, चादरी, परकर.

सुती लुगडी आता कमी येतात. जॉर्जेट, शिफॉन, पॉलिएस्टरच्या सहावारी येतात. त्या निसरड्या. मांडताना एक सरळ करावी तर दुसरी सरकते, घाम टिपत नाहीत, अंगाला लागल्या की थंड लागतात. बऱ्याच जणी म्हणतात, आईच्या साड्या अशाच आहेत, काय करू? मी नाही म्हणत नाही. अशा साड्या मधल्या थरात घालते, वर आणि खाली सुती मलमल देते, आणि टाके जवळ घेते. पण खऱ्या जरीचा काठ पोटात घालायला मी कबूल होत नाही. जरीची तार दोरा कापते.

थर मांडून झाले की कच्चे टाके. वीतभर अंतरानं, मध्यापासून कडेकडं. मध्यापासून निघालं की राहिलेली चुणी पुढं ढकलली जात कडेबाहेर निघून जाते. कडेकडून आत आलं तर ती मध्ये कोंडते. आमची ही पद्धत एकमेव नव्हे, हे मला फार उशिरा समजलं. इथून दक्षिणेला, उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरकडं सिद्दी लोकांच्या बायका कवंडी शिवतात. पोर्तुगीजांनी गुलाम करून गोव्यात आणलेल्या आफ्रिकी माणसांचे ते वंशज. त्यांच्या घरांत कोकणी बोलली जाते. त्या बायका बरोबर उलट जातात. एका कोपऱ्यातून सुरुवात करून कडेकडेनं तुकडे लावत, शिवत, फेरा घेत घेत मध्यावर पोचतात. कोपऱ्यांना कापडाची छोटी त्रिकोणी घडी लावतात, तिला त्या फुला म्हणतात. फुला नसेल तर त्यांच्या मते कवंडी उघडी. मी एकदा ती पद्धत करून बघितली. हातात धरून, मांडीवर शिवत जाणाऱ्याला ती योग्य आहे, कारण प्रत्येक तुकडा शिवतानाच सपाट होत जातो, फरशीची आणि दुसऱ्या माणसाची गरज उरत नाही. आमच्यासारख्या मोठी लुगडी सबंध घालणाऱ्यांना ती पेलत नाही.

आता यंत्र. पहिली बारा वर्षं काळ्या डोक्याचं पायमशीन होतं. त्याच्या पोटात, म्हणजे सुई आणि खांब यांच्यामधल्या जागेत, जेमतेम सात इंच. पाच फुटी वाकळेची मधली ओळ मारायची तर अर्धी वाकळ, अडीच फूट, गुंडाळी करून त्या सात इंचांतून न्यायची. दीड-दोन किलोचं ते ओझं पुढं लोंबायला लागलं की सुई वाकते, कधी तुटून उडते. म्हणून यंत्राच्या पलीकडं माणूस लागतो. यांनी यंत्राच्या उंचीची फळी करून बसवली. तरी हे पलीकडं उभे राहतात, ओढत नाहीत, नुसतं वजन आपल्या हातांवर घेतात. ओढलं की टाका लांबतो. बावीस वर्षं चालत्या मागावर हात ठेवलेला माणूसच हे करू जाणे.

नंतर कारखान्यातलं जुनं यंत्र घेतलं. ती यंत्रं मिनिटाला चार-पाच हजार टाके मारायला केलेली असतात. शर्ट शिवायला तो वेग ठीक, सहा पदरी वाकळेला घातक. यांनी मोटरची पुली काढून लहान पुली बसवली आणि ते जनावर शांत केलं. सोळा किंवा अठरा नंबरची सुई, टाका मोठा. आणि एक गोष्ट आम्ही नुकसान सोसून शिकलो. खालचे दाते खालचा थर पुढं ओढतात, दाबपट्टीखालचा वरचा थर मागं रेंगाळतो. एक ओळ वरून खाली आणि दुसरी खालून वर मारली, की दोन ओळींच्या मधलं कापड तिरपं पिळलं जातं. सगळ्या ओळी एकाच बाजूनं सुरू कराव्या लागतात. प्रत्येक ओळीनंतर सगळा पसारा उचलून परत सुरुवातीला आणायचा. वेळ दुप्पट लागतो. आम्ही लावतो.

हाताची वाकळ मागणारे अजून आहेत, आणि माझं मन तिथंच रमतं. पाच बाय सात फुटांची वाकळ, ओळीत एक इंचाचं अंतर. साठ ओळी, प्रत्येकी सात फुटांची, म्हणजे चारशेवीस फूट धावदोरा. रोज संध्याकाळी दोन तास बसलं तरी तीन आठवडे जातात. आम्ही समोरासमोर दोन कडांना बसतो. यांचा टाका ठसठशीत आणि किंचित तिरका, माझा बारीक. सुरुवातीला वाकळेच्या दोन बाजू दोन माणसांच्या दिसायच्या. आता पाच-पाच ओळी झाल्या की जागा बदलतो, त्यामुळं दोन्ही हात सगळीकडं सारखे पसरतात. बोलणं फारसं होत नाही. रेडिओ असतो. सुई बोचली की जो तो आपापलं बोट तोंडात घालतो.

एकदा माझ्या हातून यंत्राला तेल जास्त झालं आणि सुईच्या दांडीवरून थेंब उतरला, तो एका बाईंच्या आईच्या अंजिरी लुगड्यावर, अगदी वरच्या थरात. खडू लावला, साबण लावला, डाग फिका झाला, गेला नाही. हे म्हणाले, तिथं ठिगळाचं फूल लावू, कळणार नाही. मी म्हटलं, लावू, पण आधी सांगू. फोन करून सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ठिगळ नको, डाग तसाच राहू दे. मजुरी आम्ही घेतली नाही. तेव्हापासून तेल दिलं की यंत्र आधी अर्धा तास रद्दी कापडावर चालतं. रोज संध्याकाळी हे दात्यांखालचं तूस दात घासायच्या ब्रशनं काढतात, आणि तेल द्यायचं काम मी त्यांच्याकडं सोपवलंय.

गेलेल्या माणसाचे कपडे येतात तेव्हा कात्री लावायची वेळ अवघड असते. गिऱ्हाईक समोर असेल तर मी त्यांना चहाला माजघरात बोलावते आणि कापायचं काम हे करतात. अलाबामातल्या जीज बेंड नावाच्या खेड्यात मिसुरी पेटवे नावाच्या बाईनं १९४२ साली, नवरा गेल्यावर, त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली होती. पुढं २००२ मध्ये त्या खेड्यातल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या. मी त्या गोधडीचा फोटो पाहिलाय. निळ्या-करड्या विटक्या पट्ट्या, आणि गुडघ्याच्या जागी झिजलेलं कापड तसंच दिसतं. आमच्याकडं बायका म्हणतात, झिजलेलं आत घाला, चांगलं वर ठेवा. फोटो पाहिल्यापासून मी एकदा तरी विचारते, हे झिजलेलं वर ठेवू का? दहांत एखादी हो म्हणते.

गणपती उठले की फोन सुरू होतात, कारण घटस्थापनेआधी घरोघर वाकळा धुवायला निघतात आणि फाटलेली तेव्हा दिसते. पंचगंगेच्या घाटावर आम्हीही आमच्या नेतो. भिजलेली वाकळ एकट्यानं उचलत नाही. दोघं दोन टोकांना उभं राहून उलट्या दिशेनं पिळतो, पाणी मधून गळतं, आणि मग काठावरच्या दगडांवर ती पसरायची.

दुरुस्तीला आलेल्या वाकळेचं आम्ही सहसा उसवत नाही. जुनी वाकळच नव्या वाकळेचा मधला थर होते, वर-खाली नवं अस्तर. काल अशीच एक आलीय, तिच्या पोटात आधीची आणखी एक असावी, कारण कोपरा दाबला की दोन ठिकाणी शिवण लागते. बाई म्हणाल्या, नातवंड व्हायचं आहे, त्याच्यासाठी यातूनच काहीतरी द्या, पण मूळची मोडू नका. बाळाला एवढी जड चालायची नाही. रात्री जेवताना यावर बोलणं झालं. मूळची तशीच राहू द्यायची, फक्त तिच्या कडेचा काठ सोडवून घ्यायचा, आणि त्या काठाची चौकट लावून दोन पदरांचं मलमलचं दुपटं करायचं, असं ठरलं. मलमल भिजत घातलीय. उद्या सकाळी फरशी पुसली की आधी ती अंथरायची, आणि विटा यांनी आत्ताच धुतलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यात.