ऊन घराबाहेरच थांबवा

मालेगावात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर जातो, ही काही नवी गोष्ट नाही. परंतु रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या यंत्रमाग कामगाराला झोप दिवसाच घ्यावी लागते आणि तीही बहुधा पत्र्याखाली. ती झोप झाली नाही तर रात्री मागावर डुलकी येते, तुटलेला धागा दिसत नाही, कापडात खोट राहते आणि प्रसंगी हातालाही इजा होते. घरी बसून शिलाई करणाऱ्या भगिनींची स्थितीही वेगळी नाही. तेव्हा घर थंड ठेवणे हा चैनीचा नव्हे, रोजीचा प्रश्न आहे.

आजकाल यावर एकच इलाज लोकांना सुचतो, तो म्हणजे हप्त्यावर एसी. हप्त्यात व्याज असेल तर सूद देण्याचा गुन्हा पदरात पडतो आणि विजेचे बिल येते ते निराळेच. म्हणून खरेदीपूर्वी थोडा हिशेब करावा.

दीड टनाचा जुना एसी तासाला सुमारे दीड युनिट वीज घेतो. रोज 8 तास चालविला तर महिन्याला 360 युनिट झाले. जुना पंखा 75 वॅटचा असतो. रोज 15 तास चालला तर महिन्याला सुमारे 34 युनिट. नवा बीएलडीसी पंखा सुमारे 30 वॅटमध्ये तेवढाच वारा देतो, म्हणजे 13 ते 14 युनिट. साधा कूलर 180 वॅटचा धरला तर रोज 8 तासांप्रमाणे सुमारे 43 युनिट. म्हणजे दोन नवे पंखे आणि एक कूलर मिळून महिना 70 युनिटमध्ये निभतो. आपल्या राज्यात घरगुती विजेच्या पहिल्या 100 युनिटचा दर कमी आहे. 101 ते 300 युनिटचा दर त्याहून बराच चढा आहे. ही 100 ची रेषा कारागिराने डोळ्यांसमोर ठेवावी.

परंतु पंखा असो वा एसी, ही यंत्रे नंतरची बाब आहे. खराब माल गोदामात शिरल्यावर परत करणे महाग पडते. शहाणा व्यापारी तो दारातच तपासतो. उष्णतेचेही तसेच आहे. मी स्वतः पश्चिमेच्या खोलीत एसी बसविला, आतून जाड पडदे लावले, तरी यंत्र अखंड चालू आणि बिल दुप्पट. कारण वरचा स्लॅब दिवसभर तापून रात्री तीच उष्णता खाली सोडत होता. गच्चीला चुना दिला, खिडकीला बाहेरून सावली केली, तेव्हा यंत्राला उसंत मिळाली.

पहिले काम छताचे. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो. गच्ची धुऊन चुन्यात थोडे पांढरे सिमेंट व चिकटण्यासाठी डिंक मिसळून दोन हात द्यावेत. पावसाने चुना जातो, म्हणून हे काम दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये करावे. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नये. पत्र्यावर चुना टिकत नाही. त्याचा गंज घासून ऊन परतवणारा पांढरा रंग लावावा. अशा छताने खोलीचे तापमान साधारणतः 2 ते 5 अंशांनी उतरते. अहमदाबादेत 2010 च्या मे महिन्यातील भीषण उष्णतेनंतर 2013 मध्ये उष्माघात रोखण्याचा आराखडा तयार झाला आणि 2017 पासून त्यात गरीब वस्त्यांची छते पांढरी करण्याचे कामही आले.

पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून कापडाची चांदणी ताणली तरी फरक पडतो. मात्र विजेच्या तारा आणि चूल यांपासून ती दूर असावी.

दुसरे काम खिडकीचे. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोहोचले म्हणजे ते घरात आलेच. म्हणून जाड, फिक्या रंगाचे कापड, चटई किंवा खसाची ताटी खिडकीच्या बाहेर टांगावी. फज्रला उठल्यावर सर्व खिडक्या उघडाव्यात, ऊन चढू लागताच बंद कराव्यात आणि मगरिबनंतर हवा गार झाली की पुन्हा उघडाव्यात.

तिसरे काम यंत्राचे. पंखा खोली थंड करीत नाही, अंगावरचा घाम सुकवतो. म्हणून रिकाम्या खोलीत तो चालू ठेवणे हा निव्वळ इस्राफ आहे. कूलर कोरड्या हवेत उपयोगी पडतो आणि त्यासाठी समोरची खिडकी थोडी उघडी लागते. मालेगाव, मराठवाडा व विदर्भात तो चांगला चालतो. मुंबई-भिवंडीच्या दमट हवेत त्याचा भरवसा नाही. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी, नाही तर डेंग्यूचे डास होतात. घरी आजारी किंवा वृद्ध माणूस असल्याने एसी घ्यावाच लागला तर तो 24 अंशांच्या खाली नेऊ नये. एक अंश वाढविला की सुमारे 6 टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे सांगणे आहे.

कारखानदार बंधूंना एक विनंती. मागाच्या शेडचे छत पांढरे करताना त्याच मजुरांकडून आपल्या कामगारांच्या घरांची छतेही करून घ्यावीत. झोप झालेला कामगार चांगले कापड विणतो. हा खर्च बुडीत जात नाही. रंगारी, शिंपी आणि कापड विक्रेत्यांसाठी यात हलाल रोजगारही आहे. बाहेरच्या पडद्यांना लागणारे जाड सुती कापड उन्हाळ्यापूर्वी दुकानात ठेवून पाहावे.

सूरह नहलमध्ये (16:81) सावली आणि उष्णतेपासून वाचविणारी वस्त्रे यांची गणना अल्लाहच्या नेमतींत केली आहे. या दोन नेमतींचा वापर आधी करावा, मग यंत्राकडे वळावे. अल्लाह आपणा सर्वांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.