माथा वर, फाटे खाली

मेंदूच्या अँजिओग्राफीत कॅथेटर जांघेतून किंवा मनगटातून आत शिरतो. मेंदूकडे वळण्याआधी गाठ पडते ती महाधमनीच्या कमानीशी, आणि खरी कसरत तिथेच. तरुणपणी मानेकडे जाणारे फाटे बहुधा कमानीच्या माथ्यावरूनच निघतात. वय वाढलं, त्यात वर्षानुवर्षं रक्तदाब चढा राहिला, की महाधमनी लांबते, ताठरते. माथा वर सरकतो, फाटे खाली राहतात. पहिला फाटा माथ्यापासून डाव्या कॅरोटिड या मानेतल्या धमनीच्या जाडीच्या 2 पटींहून खाली असेल, तर ती तिसऱ्या प्रकारची कमान. तिथे कॅथेटरला जवळजवळ उलटं वळावं लागतं. टोक निसटून पुन्हा महाधमनीत घसरतं. काहींचे दोन फाटे जन्मतःच एका बुंध्यातून निघतात. डॉक्टर अशा कमानीला ‘बोव्हाइन’, म्हणजे गोवंशाची कमान म्हणतात. गाईची कमान मात्र तशी नसतेच!