एस.टी.तील गर्दी आणि हवेतला रोग

आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागातील लोणीहून मंचरला जावयाचे म्हटले की, ज्याच्याजवळ स्वतःचे वाहन नाही त्याला एस.टी.ची वाट पाहावी लागते. नाहीतर वडापच्या जीपमध्ये अंग चोरून बसावे लागते. महाविद्यालयात निघालेली मुले, कचेरीचे काम घेऊन निघालेला शेतकरी, बाजाराला जाणाऱ्या बाया आणि उपजिल्हा रुग्णालय गाठू पाहणारा खोकणारा म्हातारा हे सारे एकाच गाडीत येतात. थंडीच्या दिवसांत काचा सरकवून बंद केल्या जातात. प्रवासी तासाभराने उतरून मोकळे होतात. चालक आणि वाहक यांना मात्र त्याच गाडीत दिवस काढावयाचा असतो. त्यातही वाहकाला प्रत्येक प्रवाशाच्या जवळ जाऊन तिकीट द्यावे लागते. साथीच्या रोगांचा विचार करताना या माणसाची आठवण क्वचितच होते.

बंद गाडीतील हवेची भीती निराधार नाही. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या झेजियांग प्रांतात एका धार्मिक कार्यक्रमासाठी दोन बसगाड्या निघाल्या. एका गाडीतील ६८ जणांत कोरोनाची लागण झालेली एक व्यक्ती होती. पुढे त्या व्यक्तीसह २४ जण बाधित निघाले; दुसऱ्या गाडीतील ६० जणांपैकी एकासही त्या प्रवासात लागण झाली नाही. बाधित गाडीत आतलीच हवा पुनःपुन्हा फिरत होती, आणि उघडता येणाऱ्या खिडक्यांजवळ बसलेले लोक बहुतांशी बचावले. पेरूच्या लिमा शहरात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लहान बसगाड्यांतून होणारा प्रवास आणि फुफ्फुसाचा क्षयरोग यांचा संबंध आढळला होता. अशा अभ्यासांवरून प्रत्येक रुग्णाला रोग बसमध्येच जडला असे सिद्ध होत नाही. परंतु गर्दी, बंद हवा आणि सहवासाचा दीर्घ काळ या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की धोका वाढतो, एवढे निश्चित म्हणता येते.

प्रवास आणि साथ यांचे नाते आपल्याकडे फार पूर्वीच ओळखले गेले. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग प्रकटला आणि काही महिन्यांतच पुणे त्याच्या तडाख्यात सापडले. १८९७ च्या साथरोग कायद्याने रेल्वेने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा व संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. त्या अधिकाराचा अंमल किती कठोर झाला आणि त्यातून पुण्यात केवढा असंतोष उसळला, हे सर्वविदित आहे. २०२० साली याच कायद्यात दुरुस्ती होऊन बस, रेल्वे, जहाज व विमान यांच्या तपासणीचा स्पष्ट उल्लेख आला. एकशेतेवीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरी कायद्याची नजर रोगी प्रवाशाला हुडकण्यावरच खिळलेली राहिली. गाडीतील हवा कशी असावी, गाडी चालविणाऱ्याचे रक्षण कसे व्हावे, हा प्रश्न मागेच पडला.

कोरोनाच्या काळात त्याची किंमत मोजावी लागली. टाळेबंदीतही एस.टी.चे कर्मचारी घरी बसले नाहीत. एप्रिल २०२० च्या अखेरीस कोटा येथे अडकलेल्या विद्यार्थ्यांना आणण्यासाठी धुळ्याहून गाड्या गेल्या. मे महिन्यात पायी निघालेल्या मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत पोचविण्याचे काम याच गाड्यांनी केले. पुढे मुंबईत बेस्टच्या मदतीसाठी निरनिराळ्या जिल्ह्यांतून चालक-वाहक पाठविण्यात आले आणि त्यांतील अनेकांना लागण झाली. कर्तव्यावर असताना कोरोनाने मृत्यू आल्यास कुटुंबास ५० लाख रुपये देण्याची घोषणा झाली, हे योग्यच होते. तथापि मृत्यूनंतरचे साहाय्य म्हणजे संरक्षण नव्हे. शिवाय शेकडो प्रवाशांत वावरलेल्या वाहकाला रोग नेमका कोणत्या फेरीत जडला, हे त्याच्या विधवेने कसे सिद्ध करावे?

रोग्याला गाडीत घेऊच नये, असा सोपा उपाय कोणी सुचवील. तो अन्यायाचा आहे आणि निरुपयोगीही आहे. क्षयरोग्यांना एस.टी.च्या भाड्यात सवलत आहे, ती त्यांनी उपचारासाठी रुग्णालयात जावे म्हणूनच. योग्य औषधे नियमित सुरू झाली की क्षयरोग्यापासून होणारा संसर्ग बहुधा काही आठवड्यांतच पुष्कळ घटतो. धोका अधिक असतो तो निदानच न झालेल्या रुग्णापासून. आणि त्याला गाडीतून उतरविले तर त्याचे निदान होणार तरी कसे? ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांना विनामूल्य आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास मिळू लागला. ही सवलत स्तुत्य आहे. परंतु ज्यांना संसर्ग सर्वाधिक बाधतो अशा वृद्धांना गर्दीत बोलावले, तर ती गर्दी सुसह्य करण्याची जबाबदारीही शासनावर येते.

यासाठी लागणारे उपाय फार खर्चाचे नाहीत. गाडीच्या खिडक्या सहज उघडतील अशा स्थितीत ठेवणे आणि थंडीपावसातही पुढच्या-मागच्या दोन-दोन काचा थोड्या उघड्या राहतील असा दंडक घालणे, हा त्यांतील पहिला. कोरोनाकाळात आसनांवर औषध फवारण्याचा मोठा गाजावाजा झाला. पण श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाला खरा उतारा खेळत्या हवेचाच आहे. शाळा-महाविद्यालयांच्या वेळेला एक जादा फेरी सोडली, तर गर्दी विभागते. आगारांतील विश्रांतीच्या खोल्या हवेशीर हव्यात, आणि मुक्कामी गाडीच्या कर्मचाऱ्यांना गावात निजावयास नीट जागा हवी. वर्षातून एकदा क्षयरोगासह आरोग्यतपासणी व्हावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ताप-खोकला असलेल्या वाहकाला पगार न गमावता घरी राहता आले पाहिजे. रजेचा दिवस चुलीवर परिणाम करणार असेल, तर तो अंगात ताप घेऊन कामावर येईल. आणि त्याचा रोग पन्नास घरांत पोचेल.

महामंडळ तोट्यात असताना हे कसे परवडावे, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु न पाठविलेल्या फेरीचा आणि न दिलेल्या रजेचा खर्च नाहीसा होत नाही. तो रुग्णालयांच्या आणि गरिबांच्या माथी जातो.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर ‘शिवाई’ ही महामंडळाची पहिली विजेवरील गाडी निघाली. ती वातानुकूलित आहे. अशा बंद गाड्या वाढणार असतील, तर बाहेरची ताजी हवा आत किती येते, गाळण्या केव्हा बदलल्या जातात, याचा हिशेब इंधनाच्या हिशेबाइतकाच काटेकोरपणे ठेवावा लागेल. लोणीच्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला गाडी निवडण्याची मुभा नसते. जी येईल तीत त्याला चढावे लागते. म्हणूनच ती गाडी निरोगी ठेवणे, हे ती चालविणाऱ्या महामंडळाचे आणि शासनाचे कर्तव्य ठरते.