गाडीचे नाव मोठे, हिशेब मात्र आपला

गळिताच्या दिवसांत नीरा-बारामती रस्त्यावर वडगाव निंबाळकरजवळ घटकाभर उभे राहावे. उसाच्या ट्रॉल्या, दुधाचे टेम्पो, एस.टी. आणि त्यांतून वाट काढीत जाणारी पांढरी इनोव्हा, हे दृश्य हमखास दिसते. लग्नाचे वऱ्हाड असो, पुण्याच्या दवाखान्यात आजारी माणसाला न्यायचे असो, की पंढरपूर-तुळजापूरची यात्रा असो, ‘गाडी टोयोटाचीच सांगा’ असे म्हणणारी वडीलधारी मंडळी गावोगाव भेटतात. उसाचे बिल जमा झाले किंवा जमिनीचे चार पैसे आले, की तरुण मुलाच्या तोंडीही पहिले नाव तेच येते.

हे नाव कशामुळे झाले, ते कितपत खरे आहे, आणि ती गाडी आपल्या अंगणात आणण्याआधी घरातल्यांनी कोणता हिशेब मांडावा, याचा विचार येथे करू.

मागातून निघालेली मोटार

टोयोटा या नावाचा उगम मोटारीत नाही, हातमागात आहे. साकिची टोयोडा हा जपानमधल्या एका सुताराचा मुलगा. जन्म १८६७ चा. खेड्यातल्या बायका मागावर किती कष्ट उपसतात हे त्याने लहानपणापासून पाहिले होते. माग सुधारण्यातच त्याने आयुष्य घालविले. त्याच्या यंत्रमागाची खुबी अशी, की धागा तुटला की माग आपोआप थांबे. तुटक्या धाग्यावर पुढे वारभर कापड वाया जाणे टळले. या मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीला विकले गेले. पुढे त्याचा मुलगा किइचिरो मोटारींकडे वळला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटार कंपनी उभी राहिली.

चूक दिसली की काम तिथेच थांबवायचे, हीच शिस्त मोटारीच्या कारखान्यातही आली. त्याच्या जोडीला ‘पाच वेळा का विचारा’ ही रीत. आपल्या विहिरीवरचेच उदाहरण घ्या. मोटार जळाली. का? तिने करंट जास्त ओढला. का? पंप जाम झाला. का? त्यात वाळू गेली. का? फूटव्हॉल्व्हची जाळी फाटली होती. ती का फाटली? पाइप गाळात टेकला होता. पहिल्याच ‘का’वर थांबणारा माणूस मोटार भरून आणतो आणि महिन्याने पुन्हा भरायला नेतो. पाचव्या ‘का’पर्यंत जाणारा पाइप दोन हात वर उचलतो. टोयोटाच्या नावामागे जादू नाही. ही रीत आहे.

नांगरवाल्यांशी जोडलेले नाते

या जपानी कंपनीला भारतात जो जोडीदार मिळाला, तो आपल्याला परका नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर केला आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत त्या वेळी होती, त्यामुळे सुरुवातीचे नांगर खपता खपत नव्हते. पुढे त्याच नावाची इंजिने आणि पंप महाराष्ट्रातल्या विहिरी-विहिरींवर बसले. लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांच्या काळात १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटार ही कंपनी बंगळूरजवळ बिडदी येथे निघाली. तिच्यात ८९ टक्के भाग टोयोटाचा आणि ११ टक्के किर्लोस्करांचा. विक्रम किर्लोस्कर नोव्हेंबर २०२२ मध्ये वारले. जुलै २०२४ मध्ये कंपनीने छत्रपती संभाजीनगर येथे कारखाना काढण्याबाबत महाराष्ट्र सरकारशी सामंजस्य करारही केला.

क्वालिसने काय केले

जपानी गाड्यांची तोंडओळख आपल्याला त्याआधीच झाली होती. डिसेंबर १९८३ मध्ये सुझुकीच्या मदतीने मारुती आली. त्याच दशकात आयशर-मित्सुबिशी, स्वराज-माझदा, ऑल्विन-निस्सान आणि डीसीएम-टोयोटा हे छोटे ट्रक रस्त्यावर आले. टोयोटाची माणसे नेणारी गाडी मात्र जानेवारी २००० मध्ये आली, ती क्वालिस. शहरातले जाणकार तिचे जुनाट रूप पाहून नाके मुरडीत होते. पण वडापच्या जीपमध्ये आणि ट्रॅक्समध्ये अंग खिळखिळे करून घेतलेल्या माणसाला ती पालखीसारखी वाटली.

तिचे इंजिन सुमारे २,४०० सी.सी.चे, पण ताकद अवघी ७५ घोड्यांची. हे उणेपण वाटेल, पण टिकाऊपणाचे एक कारण तेच आहे. चार बैलांच्या नांगराला सहा बैल जुंपले तर कोणताच बैल दमत नाही, तसे हे इंजिन ताणाशिवाय चाले. खाली ट्रकसारखी मजबूत चौकट असल्यामुळे वाडी-वस्तीच्या खडबडीत वाटेवरही गाडी ढिली पडत नसे. फेब्रुवारी २००५ मध्ये क्वालिस बंद करून कंपनीने इनोव्हा आणली. २०१६ मध्ये इनोव्हा क्रिस्टा आली. २०२२ च्या अखेरीस आलेली हायक्रॉस मात्र वेगळ्या घडणीची आहे. ती पेट्रोलवर आणि पेट्रोल-विजेच्या जोडीवर चालते, पुढच्या चाकांना जोर देते आणि तिच्याखाली ती ट्रकसारखी चौकट नाही. म्हणून ‘इनोव्हा म्हणजे इनोव्हा’ असे समजून व्यवहार करू नये. कोणत्या सालची, कोणत्या इंजिनाची, हे विचारावे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. २०१९ मध्ये आलेली टोयोटा ग्लान्झा ही मुळात सुझुकीची बलेनो आहे आणि २०२३ ची रुमियन ही सुझुकीची अर्टिगा. दोन्ही कंपन्यांचा तसा करारच आहे, त्यात फसवणूक नाही. गाड्याही चांगल्या आहेत. पण गावातल्या जुन्या क्वालिसने चार-पाच लाख किलोमीटर काढले, म्हणून हीही तितकीच चालेल, असा हिशेब मात्र चुकेल.

नावालाही डाग लागतो

एवढ्या मोठ्या नावालाही गालबोट लागले आहे. २००९-१० मध्ये पायाखालची चटई आणि अडकणारे ॲक्सिलरेटर यांमुळे कंपनीला जगभरातून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कंपनीचे प्रमुख अकिओ टोयोडा यांना अमेरिकेच्या संसदेपुढे उभे राहून माफी मागावी लागली. दोषाची माहिती दडविल्याच्या प्रकरणात २०१४ मध्ये कंपनीने १२० कोटी डॉलर भरले. जानेवारी २०२४ मध्ये काही डिझेल इंजिनांच्या ताकदीच्या चाचणीत गैरप्रकार आढळले, तेव्हा भारतातही क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स यांची रवानगी काही दिवस थांबविण्यात आली होती.

डिसेंबर २०१० मध्ये आलेली इटिऑसही पाहा. गाडी टिकाऊ होती, टॅक्सीवाल्यांनी ती उचलली, पण घरगुती गिऱ्हाइकांत तिने बाजार मारला नाही आणि २०२० मध्ये ती बंद झाली. केवळ नावावर कंपनीचेही भागत नाही, तर आपले कसे भागेल?

घरातला हिशेब

गाडीच्या किमतीचा विचार सगळेच करतात. ती उभी ठेवण्याचा आणि चालविण्याचा विचार थोडेच करतात. समजा, जुनी डिझेल इनोव्हा घेतली आणि ती वर्षाला १२,००० किलोमीटर फिरली. लिटरला १२ किलोमीटर धरले तर १,००० लिटर डिझेल लागले. लिटरला ९० रुपये धरा, म्हणजे ९०,००० रुपये झाले. उसाला टनाला ३,००० रुपये मिळाले असे धरले, तर ३० टन ऊस नुसत्या डिझेलमध्ये गेला. एकरी ४० टन उतारा असेल तर पाऊण एकर ऊस गाडीनेच खाल्ला! विमा, टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग आणि कर्जाचा हप्ता यांत अजून धरलेलाच नाही.

घरात माणसे सात-आठ, आठवड्याला दोन-तीन लांबचे फेरे, किंवा परवाना काढून रीतसर भाड्याचा धंदा असेल, तर ही गाडी अंगावर येत नाही. विकतानाही तिला भाव बरा येतो. पण महिन्यातून दोनदा बारामतीला जायचे आणि वर्षातून चार लग्ने, एवढ्यासाठी लहान गाडी किंवा भाड्याची गाडी पुरते. फाट्यावर चार माणसांनी वळून पाहावे म्हणून पाऊण एकर पेरू नये. हा हिशेब घरातल्या बायकांनाही विचारात घेऊन मांडावा. हप्ता थकला की दागिना त्यांचाच गहाण पडतो.

जुनी गाडी घेताना

टोयोटाच्या नावाचा सर्वांत जास्त फायदा जुन्या गाड्यांचे दलाल घेतात. ‘टोयोटा आहे, इंजिनाला काही होत नाही’ हे वाक्य ऐकले की सावध व्हावे.

किलोमीटरचा काटा मागे फिरविता येतो. म्हणून सीट, स्टिअरिंग आणि पेडलचे रबर यांची झीज पाहावी आणि सर्व्हिसिंगच्या नोंदी मागाव्यात. गाडी आधी टॅक्सी होती काय, हे आर.सी.वरून आणि आर.टी.ओ.च्या नोंदीवरून कळते. २००५ च्या पिढीच्या डिझेल इनोव्हाला टायमिंग बेल्ट असतो. पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला तो बदललेला नसेल, तर तुटल्यावर इंजिनाचा सत्यानाश ठरलेला. क्रिस्टाच्या डिझेल इंजिनात पट्ट्याऐवजी साखळी आहे. क्वालिसमध्ये एअरबॅग नव्हत्या, आणि सुरुवातीच्या इनोव्हाच्या स्वस्त प्रकारांतही नव्हत्या. तेव्हा मजबूत गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, असे समजू नये.

ओळखीचा मेस्त्री बरोबर न्यावा, सकाळी थंड इंजिन सुरू करून पाहावे आणि गाडी विहिरीच्या चढावर चालवून बघावी.

कागद आधी, पेढे नंतर

व्यवहार होतो, पेढे वाटले जातात आणि कागद तसेच राहतात. यासारखा धोका दुसरा नाही. नाव बदलण्यासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म लागतो. मालक वारला असेल तर वारसांनी ३१ नंबरचा फॉर्म भरावा. विम्यावरचे नाव बदलण्यासाठी चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करावा.

विकणाऱ्याने तर याची अधिकच काळजी घ्यावी. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी आर.सी.वर ज्याचे नाव त्याची. त्या प्रकरणात गाडी केव्हाच विकली गेली होती आणि पुढे आणखी हातांत फिरली होती. तरी भुर्दंड कागदावरच्या पहिल्या मालकावर आला. गाडी दुसऱ्याने ठोकायची आणि सातबारा आपला अडकायचा, अशी ही गत आहे.

पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने लावणे हेही असेच अंगाशी येते. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

शेवटी रस्त्याची गोष्ट. रात्री दिव्याविना चालणाऱ्या उसाच्या ट्रॉलीपुढे जपानची गाडी आणि आपली जीप सारखीच. वेग आवरावा, मागच्या सीटवरच्यांनीही पट्टे लावावेत, आणि ट्रॉली आपली असेल तर मागे लाल रेडियमची पट्टी आजच चिकटवावी. गाडी टिकाऊ करण्याचे काम कारखान्यात होते. तिच्यातली माणसे आणि घरचे पैसे टिकवायचे काम मात्र आपल्याच हाती आहे.